हरिश्चंद्रगड 'मध्यम' कसा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या लेखात हरिश्चंद्रगडाच्या चढाईला मी 'मध्यम' म्हटलं आणि नवख्यांनी पावसाळ्यात जाऊ नये असंही लिहिलं, यावर तुमचा आक्षेप आहे. तुम्ही जुलैत नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन पायथ्याच्या पाचनई गावाच्या वाटेने आरामात जाऊन आलात, तेव्हा मी लोकांना उगाच घाबरवतो, असं तुमचं म्हणणं.

यातली अर्धी चूक माझी, ती आधी कबूल करतो. वाट न सांगता मी अख्ख्या गडाला एकच श्रेणी देऊन टाकली. पाचनईची वाट सोपीच आहे. खिरेश्वरहून निघालात तर टोलारखिंडीतलं व्याघ्रशिल्प मागे टाकल्यावर रेलिंग लावलेला कातळ लागतो आणि त्यापुढे टेकड्यांमागून टेकड्या. धुकं उतरलं की तिथे ढोरवाटा हमखास चकवतात. बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट तर सुट्या धोंड्यांनी भरलेली घळ, मुरलेल्या ट्रेकरांनीही जाणत्या वाटाड्यासोबत आणि कोरड्या दिवसांतच जावं अशी. लेखात आता प्रत्येक वाटेची वेगळी नोंद केली आहे.

पावसाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. एका जुलैत आम्ही तुमच्याच पाचनईने उतरत होतो. सकाळी जो ओढा घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला होता, तो दुपारी मांडीपर्यंत आला होता. पाणी गढूळ, तळाचा कातळ शेवाळलेला. माझा पाय सरकला तेव्हा गावातल्या वाटाड्याने सॅकच्या पट्ट्याला धरून मागे ओढलं. "सर, पाणी उतरतं. जरा बसा," एवढंच तो म्हणाला. आम्ही दोन तास भिजत बसलो आणि पाणी खरंच उतरलं. तो सोबत नसता तर मी थांबलो नसतो, हे मला आजही आठवतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी पाऊस बेताचा असणार. तेवढ्यावरून जुलै सोपा ठरवू नका, विशेषतः लेकरू बरोबर असताना.

वाट तीच, पण महिन्यागणिक तिची अवघडता बदलते, हा हिशेब उन्हाळ्यालाही लागू आहे. कळसूबाई १६४६ मीटर, बारी गावातून वाट मळलेली, अवघड जागी शिड्या. थंडीत घरातली ज्येष्ठ मंडळीही दमादमाने जाऊन येतात. मे महिन्यात भर दुपारी तोच डोंगर तरुणांचा जीव काढतो, कारण सावली जवळजवळ नाही. हरिहर गडाच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या कोरड्या असताना हाताच्या खोबण्या धरून चढता येतात. त्याच पायऱ्यांवरून पाणी वाहत असेल आणि वरून उतरणाऱ्यांची रांग समोर आली, तर बाजूला व्हायला जागाच नसते. सांदण दरी म्हणजे दोन कातळभिंतींमधली अरुंद घळ, तिचं नाव तर पावसाळ्यात काढूच नये.

तुम्ही जुलैच्या कुठल्या आठवड्यात गेलात आणि ओढ्याला पाणी किती होतं, तेवढं कळवा. पाचनईच्या नोंदीत घालतो.