आईची टाच आणि आर-११

सुरुवात खालच्या मजल्यावरच्या काकांनी केली. सकाळी सात वाजता त्यांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला, खाली अक्षर नाही, नुसता फोटो. मला वाटलं चंद्राचा पृष्ठभाग वगैरे असेल, आवडीने झूम करून बघितला आणि अंगठा पण दिला. ते त्यांच्या बाथरूमचं छत होतं. म्हणजे आमच्या बाथरूमचं बूड.

मग मिस्त्री आला. त्याने बोटाने भिंतीवर टकटक केलं, कान लावला, मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरसारखा सुस्कारा सोडला आणि म्हणाला, साहेब, सगळ्या टाइल्स पोकळ बोलतायत, फोडावं लागणार. आमची बिल्डिंग १९९५ची, बिल्डरने लावलेल्या ८ बाय १२ इंचाच्या गुलाबी टाइल्स, मधल्या ओळीत बदकं. तीस वर्षं त्या बदकांकडे बघत अंघोळ केलेली, थोडं वाईट वाटलं. तेवढ्यात बायको म्हणाली, "आता फोडायचंच आहे तर..."

ज्यांच्या घरात हे वाक्य बोललं गेलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

बाथरूम आमची ७ बाय ५. त्यासाठी आम्ही शनिवार-रविवार धरून पुण्यातली चार दुकानं पालथी घातली. पहिल्याच ठिकाणी एसीत बसवून चहा दिला, तिथेच मला शंका आली. मुलाने विचारलं, सर काय कॉन्सेप्ट आहे? म्हणलं गळू नये हा कॉन्सेप्ट आहे. तो बायकोकडे वळला आणि पुढचे चार तास माझ्याशी बोलला नाही.

फिनिश किती असावेत? ग्लॉसी, मॅट, शुगर, कार्विंग, रस्टिक. एक दाखवून म्हणाला हा साटवारियो आहे मॅडम. म्हणलं इटलीचा का? तर डिझाइन इटालियन, माल गुजरातच्या मोरबीचा. दुसऱ्या दुकानात हीच टाइल वेगळ्या नावाने, तिसऱ्यात अजून वेगळ्या, आणि रेट प्रत्येक ठिकाणी फक्त आमच्यासाठी कमी केलेला. चौथ्या दुकानात मी नाव विचारायच्या आधीच टाइलला ओळख दिली.

बायकोचं मन काळ्या मॅटवर बसलं होतं. हॉटेलसारखं दिसेल म्हणे. मिस्त्रीला फोटो पाठवला तर त्याचा फोनच आला, "वहिनी, टँकरचं पाणी आहे ना तुमच्याकडे? महिन्याभरात सगळे क्षार वर येतील, रांगोळी काढल्यासारखं दिसेल." बरं, मग खरा मार्बल? तर त्याला बाथरूम साफ करायचं ॲसिड चालत नाही, दगडच खातं ते. आमच्या मावशींच्या हातातून ॲसिडची बाटली काढून घ्यायची हिंमत घरात कोणाचीच नाही, त्यामुळे मार्बल तिथल्या तिथे बाद. मग २ बाय ४ फुटाची टाइल आवडली, जोड कमी, भिंतीला मस्त. म्हणलं खाली पण तीच टाकू की. मिस्त्री हसला. नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, चारी बाजूंनी उतार द्यायचा असतो, "मोठी टाइल वाकत नाही साहेब, आणि पाणी तुमचं ऐकत नाही." तेव्हा भिंतीला तीच आणि खाली १ बाय १ असं ठरलं.

या सगळ्यात आई गप्प होती. ती गप्प असली की मला भीती वाटते. रात्री जेवताना म्हणाली, "भिंतीचं कौतुक झालं असेल तर एक विचारू? पाय कुठे ठेवायचा?"

तिचा मुद्दा खरा होता. तिच्या माहेरी मोरीत शहाबादी फरशी होती, छिन्नीने टाकी लावून खरखरीत केलेली, तिच्यावर कपडे धुवा, भांडी घासा, नाचा, कोणी पडलं नाही म्हणते. म्हणून मी अँटी-स्किडचा अभ्यास केला. जर्मनीची एक टेस्ट आहे, उतरत्या फळीवर टाइल्स लावतात, वर तेल ओततात, बूट घातलेल्या माणसाला त्यावर चालवतात आणि फळी हळूहळू तिरकी करत नेतात, तो कितव्या अंशाला घसरतो त्यावरून आर-९ पासून आर-१३ पर्यंत नंबर. म्हणजे तिकडे लोकांना घसरण्याचा पगार मिळतो, आपल्याकडे ते फुकट करावं लागतं. पण मला प्रश्न पडला, अंघोळ बूट घालून कोण करतं? तर अनवाणी पायांची टेस्ट वेगळीच निघाली, तिथे साबणाचं पाणी आणि ए, बी, सी असे ग्रेड, सी म्हणजे सगळ्यात पक्की पकड. दुकानात मी मोठ्या ऐटीत विचारलं, यात सी ग्रेड आहे का? तो दुखावल्यासारखा म्हणाला, सर आम्ही सगळा ए ग्रेडच ठेवतो.

शेवटी सहा सँपल घरी आणले. आईने गॅलरीत ओळीने मांडायला लावले, वर साबणाचं पाणी ओतलं, गाऊन खोचला, माझा खांदा धरला आणि एकेकावर टाच फिरवली. ही नापास. ही नुसती खरखरीत दिसते, आहे गुळगुळीतच. पाचव्यावर थांबली, दोनदा टाच घासली, "ही." मी वाकून मागचं बघितलं, आर-११. जर्मनी आणि आई यांचं एकमत झालं या आनंदात मी एक पाऊल मागे टाकलं आणि सरळ बसलो. सँपलवर नाही हो, गॅलरीत आपली २०१२ साली हौसेने टाकलेली चकचकीत व्हिट्रिफाइड आहे, तिच्यावर. साबणाचं पाणी तिथवर आलं होतं.

टाइल दिसायला मात्र डांबरी रस्त्यासारखी. बायको दोन दिवस बोलली नाही.

पुढचं भराभर सांगतो कारण आठवलं की छातीत धडधडतं. भिंती १५० स्क्वेअर फूट, तुटफुटीचे १० टक्के धरून १६५, सगळे बॉक्स एकाच लॉटचे बघून घ्यायचे नाहीतर एकाच भिंतीचे दोन रंग दिसतात. व्हिट्रिफाइड पाणी पीत नाही म्हणून ती नुसत्या सिमेंटला धरत नाही, तिला केमिकल वेगळं. जोडात सिमेंटचं ग्राउट का इपॉक्सी? इपॉक्सी महाग पण डाग धरत नाही, म्हणलं इपॉक्सी, संपलं. तर त्याचंही शेड कार्ड! २ मिलिमीटरच्या फटीचा रंग निवडायला आमचं घर रात्री साडेअकरापर्यंत जागं होतं.

तोपर्यंत आमची अंघोळ खालच्या काकांकडे. अठरा दिवस बादली, टॉवेल घेऊन रांगेने खाली जायचो आणि अंगावर पाणी घेताना वर बघितलं की तो चंद्र. वॉटरप्रूफिंग झाल्यावर ४८ तास पाणी भरून ठेवलं होतं तेव्हा काका दर दोन तासांनी फोन करून सांगायचे, "अजून कोरडं आहे." आवाजात जरा निराशाच वाटायची मला.

आता झालीये बाथरूम. पाणी ट्रॅपकडे जातं, काकांचं छत कोरडं आहे, आणि मावशी रोज त्या आर-११ला शिव्या घालतात, कारण जी फरशी पाय धरते ती मळही धरते, दुप्पट घासावं लागतं. पगारवाढीचा विषय निघालाय.

परवा बघितलं तर बाथरूमच्या कोपऱ्यात उरलेल्या टाइलचा एक तुकडा, कडा नीट घासून गोल केलेल्या. आईला विचारलं हा काय पसारा. म्हणाली, "पसारा कसला, वज्री आहे ती. दोन बॉक्स उरलेत ना, सगळ्या बायकांना देणारे. काकूंना तर कालच दिली."