रेडिएशनबद्दलचा तो मेसेज परत फिरतोय, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. "रेडिएशन म्हणजे पेशंटला आतून जाळणं, इतकी वर्षं झाली तरी मशीन तेच आणि शेक तोच, पेशंटच्या अंगातून किरण निघतात म्हणून लहान मुलांना लांब ठेवा, रेडिएशननेच पुढे दुसरा कॅन्सर होतो, डॉक्टर हे सगळं संपल्यावर देतात, आणि त्रास सुरू झाला की शरीर नको म्हणतंय असं समजून बंद करा." एवढं सगळं एकाच मेसेजमध्ये. माझ्या आईचं स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू होतं तेव्हा चौथ्या आठवड्यात हा आमच्याकडे आला आणि त्यापायी आमच्या हातून एक चूक झाली, ती शेवटच्या मुद्द्यात लिहिते.

"आतून जाळतात." ह्याला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे, आपण सगळेच "शेक दिला", "लाइट घेतली" म्हणतो आणि शेक म्हटलं की डोळ्यासमोर चटका येतो. पण एका दिवसाचा नेहमीचा डोस असतो २ ग्रे (ग्रे म्हणजे शरीराला मिळालेले किरण मोजायचं माप), आणि तेवढ्याने शरीर एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही तापत नाही. टेबलवर पेशंटला काहीच जाणवत नाही, फक्त मशीनचा आवाज येतो. किरणांचं काम असतं पेशीतला डीएनए तोडायचं. निरोगी पेशी ती मोडतोड बऱ्यापैकी दुरुस्त करून घेते, कॅन्सरच्या पेशीला ते तितकं जमत नाही, आणि म्हणूनच सगळा डोस एकदम न देता आईला ७० ग्रे ३५ दिवसांत वाटून दिले, रोज थोडे, मध्ये दुरुस्तीला वेळ. कातडी काळवंडते, तोंड येतं, थकवा येतो, हे सगळं खरं आहे आणि ते कुणी लपवूही नये. तिथल्या पेशी मुळातच भराभर बदलणाऱ्या असतात म्हणून तो त्रास होतो, आणि तोंडाचा-कातडीचा त्रास बहुतेकांचा उपचार संपल्यावर काही आठवड्यांत उतरतो.

"मशीन तेच, शेक तोच." हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्टचं मशीन पहिल्यांदा पेशंटवर वापरलं गेलं, तेव्हा साध्या एक्स-रेवर अंदाज बांधून चौकोनी पट्टा आखायचे आणि त्या पट्ट्यात जे येईल त्याला किरण बसायचे. जुन्या माणसांच्या मनात जी भीती आहे ती त्या काळातली आहे आणि त्या काळापुरती खरीही होती. आता आधी मास्क बनतो. आईचा बनला तेव्हा मी काचेपलीकडे उभी होते. पांढरी जाळीदार शीट गरम पाण्यात टाकली, ती लिबलिबीत झाली, मग दोघांनी दोन बाजूंनी धरून तिच्या चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत ओढली आणि काही मिनिटांत तिच्या नाका-हनुवटीच्या आकारात ती कडक झाली. तो मास्क घालूनच सीटी स्कॅन, त्या स्कॅनच्या एकेका स्लाइसवर डॉक्टर गाठ आखतात, त्याशिवाय पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, लाळेच्या ग्रंथी, जबडा असं जे जे वाचवायचं तेही आखतात, मग फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचं गणित मांडणारे तज्ज्ञ, प्लॅन करतात आणि मशीनमधल्या टंगस्टनच्या बारीक पट्ट्या मागेपुढे सरकत किरणांना गाठीचा आकार देतात. ह्याला आयएमआरटी म्हणतात. फरक किती पडतो? ब्रिटनमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरवर पारस्पोर्ट नावाची ट्रायल झाली, तिचे निकाल २०११ मध्ये आले. जुन्या पद्धतीत एक वर्षानंतर १०० पैकी ७४ जणांचं तोंड त्रासदायक कोरडं होतं, आयएमआरटीमध्ये ३८ जणांचं. तोंडात लाळच नसेल तर माणसाला घास गिळता येत नाही, रात्री झोपमोड होते, त्यामुळे हा फरक नुसता आकड्यांचा नाहीये.

आणि दिवससुद्धा कमी झालेत. ब्रेस्ट कॅन्सरला ऑपरेशननंतर २५ वेळा रेडिएशन असायचं, ते १५ वर आलं, आणि २०२० मध्ये फास्ट-फॉरवर्ड ट्रायलचे निकाल आले त्यात निवडक पेशंटमध्ये एका आठवड्यात ५ वेळा देऊन पाच वर्षांनी कॅन्सरवरचा ताबा तेवढाच दिसला. डाव्या बाजूचा ब्रेस्ट असेल तर खोल श्वास रोखून धरायला शिकवतात, त्याने हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकतं. इतकी साधी युक्ती आहे.

"पेशंटच्या अंगातून किरण निघतात." बाहेरून मशीनने देतात त्या रेडिएशनमध्ये नाही. दिवा बंद केला की खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच. पेशंटला मिठी मारा, नातवंडं मांडीवर बसू द्या. अपवाद वेगळे आहेत: थायरॉइडसाठी रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन दिलं असेल किंवा प्रोस्टेटमध्ये कायमच्या बिया (किरण सोडणारे बारीक दाणे) बसवल्या असतील तर काही दिवस किंवा आठवडे लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायला सांगतात, आणि ते हॉस्पिटल आधीच समजावून देतं.

"दुसरा कॅन्सर होतो." होऊ शकतो, हो. २०११ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, त्यातला अंदाज असा की रेडिएशन घेतलेल्या १००० मोठ्या माणसांत १५ वर्षांमध्ये साधारण ५ जादा कॅन्सर रेडिएशनमुळे होतात. लहान मुलांत हा धोका जास्त धरतात म्हणून त्यांच्या बाबतीत डॉक्टर फार जपून ठरवतात. पण समोर आत्ता उभा असलेला कॅन्सर आणि पंधरा वर्षांत हजारात पाच, हे दोन्ही एकाच वाक्यात ठेवून बघा.

"सगळं संपल्यावर देतात." अर्धवट माहिती. कॅन्सरच्या साधारण निम्म्या पेशंटना कधी ना कधी रेडिएशन लागतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांत हेतू पूर्ण बरं करण्याचाच असतो. गर्भाशयाच्या मुखाच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये केमोसोबत रेडिएशन हाच मुख्य उपचार आहे. स्वरयंत्राचं सांगायचं तर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ३३२ पेशंटचा अभ्यास छापून आला, त्यात केमो आणि रेडिएशन घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र वाचलं, आणि दोन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण स्वरयंत्र काढलेल्यांइतकंच, ६८ टक्के. आज आई फोनवर बोलते ती तिच्याच आवाजात बोलते, थोडा घोगरा झालाय इतकंच. आणि हो, शेवटच्या टप्प्यातही रेडिएशन देतात, हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेसाठी बऱ्याचदा ८ ग्रेचा एकच डोस पुरतो, त्याने दुखणं कमी झालं तर माणूस रात्री झोपतो, त्याला "सगळं संपलं" का म्हणायचं?

"त्रास झाला की बंद करा." सगळ्यात धोक्याचा मुद्दा हा आहे. विसाव्या दिवसाच्या आसपास आईला पाणीही गिळवेना, तोंडात पांढरे चट्टे, त्यात हा मेसेज, आणि आम्ही दोन दिवस गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी ओरडा दिला नाही, समजावलं, की तीन-चार आठवडे झाल्यावर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जास्त वेगाने वाढायला लागतात आणि ह्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये उपचार जितके दिवस लांबतील तितका दर दिवसामागे साधारण एक टक्का ताबा कमी होत जातो. आम्ही सुन्न. घशाचा त्रास त्यांना आधी सांगितला असता तर दुखण्याचं औषध वाढलं असतं, नाकातून नळी टाकून खाणं चालू राहिलं असतं, पण आम्ही त्यांना न विचारता मेसेजचं ऐकलं. आई परत टेबलवर झोपली तर मास्क ढिला, गालापाशी बोट जाईल इतकी फट, वजन तेवढं उतरलेलं. त्यांनी त्याच दिवशी नवीन मास्क, नवीन स्कॅन केला, बदललेल्या शरीराप्रमाणे प्लॅन परत आखला, आणि बुडालेले दोन डोस पुढच्या आठवड्यात दोन दिवस सकाळ-संध्याकाळ, मध्ये सहा तासांचं अंतर ठेवून, भरून काढले. पस्तिसावा डोस ठरल्या तारखेलाच झाला.