‘थांबवायची गोळी द्या’

मे महिन्यात मामेभावाचं लग्न होतं. आदल्या रात्री सावजीचा रस्सा दाबून हाणला, वरून कुठल्याशा ड्रममधलं गार पाणी. पहाटे तीनपासून माझ्या संडास-पलंग चकरा सुरू, अंगात तापही होता.

सकाळी बाबा मेडिकलमध्ये गेले. (बाहेरगावच्यांसाठी: नागपुरात ऑटोवाल्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणाल तर तो सरळ सरकारी दवाखान्यात नेऊन सोडेल. मी औषधाच्या दुकानाचं बोलून राहिलो.) बाबा म्हणाले, ‘थांबवायची गोळी द्या.’ दुकानदारानं लोपेरामाइडची पट्टी कापून दिली. ताप आहे का, रक्त पडतंय का, एक शब्द विचारला नाही. ओआरएसचं, म्हणजे पाण्यात घोळून प्यायच्या मीठ-साखरेच्या पाकिटाचं, नावही काढलं नाही.

वरातीपर्यंत जुलाब बंद. मी खूश. संध्याकाळी पोट ढोलासारखं फुगलं आणि असा मुरडा आला की खुर्चीवरून उठवेना.

डॉक्टरांनी झापलं तेव्हा कळलं. 1969 साली बेल्जियममधल्या यान्सेनच्या प्रयोगशाळेत बनलेलं हे औषध अफूच्या नात्यातलं. नेहमीच्या डोसात मेंदूपर्यंत जवळपास पोचत नाही, म्हणून नशा नाही. पण आतड्यांची चाल मंदावतं. साध्या जुलाबात ते बरंच आहे, पाणी शोषायला आतड्याला वेळ मिळतो. बसच्या प्रवासासाठी माझ्या बॅगेत आजही पट्टी असते. पण ताप किंवा रक्त असेल तर जी घाण बाहेर पडायची तीच आत कोंडून बसते. आणि दोन वर्षांखालच्या लेकराला तर ही गोळी द्यायचीच नाही.

माझा राग गोळीवर नाही, काउंटरवर आहे. 45 डिग्रीच्या उन्हात माणूस आडवा होतो तो अंगातलं पाणी अन् मीठ गेल्यानं, आणि ते ही गोळी भरून देत नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रोगी वाचवले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आणि आमच्या घरी? आई लिटरभर पाण्यासाठीच्या ओआरएसचं अर्धं पाकीट एका ग्लासात ढवळते. ‘चव तर लागली पाहिजे ना बापा!’ इतकं घट्ट केलं तर उलट जुलाब वाढतात, हे तिला अजून पटायचं आहे.

लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाच फोटोत आहे. फेटा तिरपा, दोन्ही हात पोटावर. मामी सगळ्यांना सांगते, पोरगं किती लाजून राहिलं पाहा.