एकसरचे वीरगळ : ना थडगी, ना पोर्तुगीज, ना पुरलेलं सोनं

बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांचा फोटो जोडून एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : ही पोर्तुगीजांशी लढताना पडलेल्या वीरांची थडगी आहेत आणि प्रत्येकाखाली सोनं पुरलंय. कोकणात कितीतरी देवळांच्या आवारात असे दगड उभे आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

थडगं म्हटलं की खाली देह आला. वीरगळ म्हणजे नुसती आठवणीची शिळा. ‘गळ’ हा कन्नड ‘कल्लु’, म्हणजे दगड. ती वाचायची खालून वर. तळाला लढाई आणि मरण, त्यावर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्याला कलश.

आता पोर्तुगीज. एकसरच्या एका शिळेपुढे उकिडवं बसा आणि तळाचा पट्टा बघा. उंच नाळेची, म्हणजे उंच पुढच्या टोकाची, पाच जहाजं ओळीने निघालीत, डोलकाठ्या उभ्या, एकेका बाजूला नऊ-नऊ वल्ही. वरच्या पट्ट्यात चार जहाजांनी एकाला घेरलंय आणि माणसं पाण्यात कोसळतायत. हातात धनुष्यबाण, तोफ कुठेच नाही. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, वसई आणि साष्टी (एकसर ज्या बेटावर आहे ते) पोर्तुगीजांकडे गेली १५३४ मध्ये. या शिळांवरची अक्षरं जवळजवळ पुसली गेलीत. जुन्या गॅझेटिअरने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाने, त्या अकराव्या शतकातल्या मानल्या. दुसरं मत त्यांना १२६५ च्या सुमाराच्या लढाईशी जोडतं. त्या लढाईत देवगिरीच्या महादेव यादवाने उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याला हरवलं आणि सोमेश्वर समुद्रात बुडाला, असं महादेवाचा मंत्री हेमाद्री याने लिहून ठेवलंय. मला हे दुसरं मत जास्त पटतं, पण कुठलंही धरा, पोर्तुगीज यायला दोनशेहून जास्त वर्षं होती.

राहिलं सोनं. जिथे देहच पुरलेला नाही, तिथे दागिने कोण पुरणार? आणि जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरातन धन सापडलं, तर ते कलेक्टरला कळवावंच लागतं. १८७८ चा कायदा आहे.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. आमच्या गावच्या देवळामागचा वीरगळ याच अफवेपायी एका रात्रीत कुणीतरी उकरला. खड्ड्यात मातीच निघाली. शिळा आडवी पडून तळाचा पट्टा फुटला. आता त्या दगडावर अप्सरा वीराला घेऊन वर निघालेल्या दिसतात. तो कुणाशी, कशासाठी लढला, ते दाखवणारा भाग राहिला नाही.