तुम्ही तुम्हीच कशावरून?

गॅसचा पत्ता बदलायला भाडेकराराची प्रिंट हवी होती, भाडेकरार मेलमध्ये होता आणि मेल बसली होती. एवढीच पार्श्वभूमी. एजन्सीची खिडकी एकला बंद होते, हे आणखी लक्षात ठेवा.

एजन्सीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, की-बोर्डवरची अक्षरं पुसली गेलेल्या त्या कॉम्प्युटरवर, मी मेल उघडत होतो. चक्र गरगर फिरायचं आणि मग ‘काहीतरी चुकलं’ असं यायचं. काय चुकलं, कोणाचं चुकलं, पत्ता नाही. मध्येच सेवा क्षणभर शुद्धीवर आली. आता माझा कागद दाखवावा की नाही? छे. तिने माझ्या मोबाइलवर इशारा धाडला : ‘नागपूरहून कोणीतरी तुमच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न करत आहे. हे तुम्हीच आहात का?’

मी हडपसरला उभा होतो.

माझ्यामागे एक काका होते. बगलेत प्लॅस्टिकची फाइल, चष्मा कपाळावर. माझा मोबाइल ते माझ्याआधी वाचून मोकळे झाले होते.

“नागपूरला कोण आहे तुमचं?”

“सासुरवाडी,” मी बोलून गेलो.

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “मेहुणा आहे?”

“आहे, पण त्याचा काय संबंध?”

“करतो काय?”

“इंजिनिअर आहे. सिव्हिल.”

“मग झालं तर!” काकांनी रांगेकडे वळून निकालच जाहीर केला. “घरातलाच माणूस असतो. बाहेरच्याला काय पडलंय?”

मी समजावायला गेलो. काका, तो पत्ता माणसाचा नसतो, इंटरनेट कंपनीचा असतो. आपण बसतो एकीकडे आणि तो नंबर नोंदलेला असतो भलत्याच शहरात.

“तेच म्हणतोय मी. नागपूरला नोंद आहे ना? मग ती केली कोणी?”

“काका, तुमच्या किती कॉप्या?” झेरॉक्सवाल्याने विचारलं.

“थांब रे. इथे घर फुटतंय.”

रांगेतली एक कॉलेजची मुलगी म्हणाली, “दादा, माझी पण मेल उघडत नाहीये.” मला हायसं वाटलं. म्हणजे बिघाड सगळ्यांकडेच होता.

“तू कुठली?” काका.

“कोल्हापूरची.”

काका क्षणभर गप्प झाले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “टोळी मोठी दिसतेय.”

शेवटी वैतागून मी खरोखरच मेहुण्याला फोन लावला. करार केला तेव्हा तो आमच्याकडेच राहायला होता, साक्षीदार म्हणून अंगठाही त्यानेच टेकवला होता, तेव्हा पीडीएफ त्याच्या मोबाइलवर असणार. होतीच. व्हॉट्सॲपवर लगेच आली. काकांनी ती पाहिली आणि दोन्ही हात पसरून रांगेला म्हणाले, “बघा! कागद निघाला की नाही त्याच्याचकडे?”

प्रिंट हातात पडली तेव्हा एक वाजून गेला होता.

घरी येऊन तणतणत वाचत बसलो, की या सेवा बसतात तरी का. काकांच्या बाजूनेही काही निघालं, नाही असं नाही. २०१५च्या नोव्हेंबरात स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनमेल या मेलसेवेवर चोरांनी खोट्या विनंत्यांचा इतका मारा केला, की खऱ्या माणसाला आत शिरताच येईना. कंपनीने बिटकॉइनमध्ये खंडणी भरली. मारा तरीही चालूच. तेव्हा चोर असतात हे कबूल.

पण मला जास्त भेटले ते पहारेकरीच.

१४ डिसेंबर २०२०. भारतात संध्याकाळचे सव्वापाच. जीमेल, यूट्यूब, गूगलचं सगळं दुकान जगभर पाऊण तास बंद. गंमत म्हणजे लॉगिन न करता यूट्यूब पाहणाऱ्यांचं बरं चाललं होतं. पत्रं, व्हिडिओ, सगळं जागच्या जागी होतं. बिघडली होती ती ‘हा माणूस कोण’ एवढंच तपासणारी यंत्रणा. कुठल्या कामाला किती जागा द्यायची हे ठरवणाऱ्या एका स्वयंचलित व्यवस्थेकडे, जुन्या पद्धतीचे अवशेष तसेच राहिल्यामुळे, या यंत्रणेचा वापर शून्य असा नोंदला गेला. शून्य वापर म्हणताच तिचा वाटा कापला. म्हणजे फ्लॅट शाबूत, किल्ली तुमच्या खिशात, पण सोसायटीने वॉचमनचा पगार थांबवला म्हणून गेट उघडत नाही. लगेच दुसऱ्या दिवशी आणखी एक तऱ्हा. सेटिंगमधल्या एका बदलामुळे जीमेलच्या धडधाकट पत्त्यांवर पाठवलेली पत्रं ‘असा कोणी इथे राहत नाही’ म्हणून परत जाऊ लागली.

त्याहून कडी मायक्रोसॉफ्टची. १ जानेवारी २०२२ला कित्येक कंपन्यांच्या एक्स्चेंज सर्व्हरवर, म्हणजे ऑफिसची मेल सांभाळणाऱ्या यंत्रावर, पत्रं अडकून पडली. अडवणारा कोण? पत्रांत व्हायरस आहे का ते तपासणारा. त्याच्या अपडेटचा क्रमांक तारखेवरून बनायचा : २२०१०१०००१. आणि जिथे तो साठवायचा तिथे २१४७४८३६४७ च्या वरचा आकडा मावत नव्हता. नवं वर्ष उजाडलं आणि पहारेकऱ्याला तारीखच पेलेना. मग दुरुस्ती काय केली? क्रमांक २११२३३०००१ पासून सुरू केला. वाचा नीट. २०२१ सालचा ३३ डिसेंबर.

आणि संशय कोणावर? माझ्यावर. दुकानातला कॉम्प्युटर दिवसभर दहा जण हाताळतात, पासवर्ड चोरीला जातात, नव्या यंत्रावरून कोणी आलं तर विचारावं, मान्य. पण रात्री सेवा सुरळीत झाली आणि मी घरच्या कॉम्प्युटरवर बसलो, तरी चौकशी माझीच! कोड पाठवला तो माझ्या दुसऱ्या मेलवर. ती याच कंपनीची, तिलाही नागपूरचा संशय आलेला. मग प्रश्न : तुमच्या पहिल्या शाळेचं नाव? आता ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’ हे इंग्रजी अक्षरांत मी कधीकाळी कसं लिहिलं होतं? शाळेला एक ‘ए’ की दोन? परिषदेचा ‘डी’ साधा, की पुढे ‘एच’? शाळेत मी चार वर्षं काढली, हजेरीपटावर माझं नाव आहे, पण या बाईसाहेबांची खात्री पटेना. ‘तुम्ही तुम्हीच आहात याची पडताळणी होऊ शकली नाही.’ फोन करावा तर फोन नंबर नाही. भांडावं तर समोर माणूस नाही. बँक, पीएफ, इन्कम टॅक्स, सगळ्यांचे निरोप त्या एका मेलवर येतात. आणि सेवा ठीक आहे का हे दाखवणाऱ्या त्यांच्या पानावर मी दुकानात घाम पुसत होतो तेव्हाही हिरवीगार खूण होती. फुकट आहे ना, मग तक्रार कसली, असं लोक म्हणतात. फुकट कसली? मधूनमधून जाहिराती कोण वाचतं?

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधीच हजर झालो. करार, आधार, जुनं पुस्तक, सगळं ओळीने लावलेलं. बाईंनी फॉर्म वरून खाली पाहिला आणि परत सरकवला.

“यावर कालची तारीख आहे. नवीन फॉर्म भरा.”