दाजी, तेवढं गवताचं बघा

नाशकात ‘लॉन्स’ हा शब्द एकवचनी आहे. "आमच्या साडूंचं एक लॉन्स आहे," असं इथे सरळ म्हणतात आणि मराठीच्या मास्तरांनाही ते खटकत नाही, कारण त्यांच्या मुलीचं लग्नही लॉन्समध्येच लागलेलं असतं. औरंगाबाद नाक्यावरून पुढे निघालात (रस्त्याला आता छत्रपती संभाजीनगर रोड म्हणायचं, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा) की नांदूर नाक्याच्या पुढेपर्यंत लॉन्सच लॉन्स. त्यातलं एक माझ्या सासऱ्यांचं. आधी तिथे त्यांची द्राक्षबाग होती. द्राक्षाला गारपीट नडते, लग्नाला फार तर जावई नडतो, असा हिशेब करून त्यांनी बाग काढली आणि गवत लावलं.

ते गवत आता तीस गुंठे आहे आणि लॉन्स माझा मेहुणा चालवतो. जावयाला तिथे दोन कामं असतात: लग्नात फेटा बांधून उभं राहणं आणि न मागता सल्ला न देणं. गेल्या वर्षी मात्र मेहुणा स्वतःहून म्हणाला, "दाजी, तेवढं गवताचं बघा ना. तुम्हाला मशीनमधलं कळतं."

मला मशीनमधलं कळतं ही घरातली एक जुनी अफवा आहे. मी अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात बत्तीस वर्षं काढली. म्हणजे व्हर्नियर हातात धरून दुसऱ्यांनी बनवलेल्या मालाला नावं ठेवली. पण सासुरवाडीत एकदा पसरलेली चांगली अफवा खोडून काढण्याइतका मी मूर्ख नाही.

अडचण अशी होती. गवत कापायला एक पोरगा ब्रश कटर घेऊन यायचा आणि कडेचं, झाडांच्या बुंध्याशी राहिलेलं विळ्याने काढायला दोन मावशी. पोरगा दिवाळीला गावी जायचा तो परत येण्याची तारीख सांगायचा नाही. इकडे तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांची रांग सुरू. त्यात मेहुण्याने रात्री दोन वाजता मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. गॉगल घातलेला एक अमेरिकन माणूस गवत कापायच्या गाडीवर आरामात बसलाय, एका हातात कॉफीचा मग, आणि झाडाजवळ आला की गाडी जागच्या जागी गर्रकन फिरवून परत निघतोय. ‘झिरो टर्न मोअर.’ सकाळी सातला मला फोन. "दाजी, हेच पाहिजे. सत्तावीसचा सिंहस्थ आलाय तोंडावर."

सिंहस्थाला येणारे साधू गवताची उंची मोजतात असं माझ्या ऐकण्यात नाही. पण मी कामाला लागलो.

आधी मुळातून वाचायची माझी खोड. गवत कापायचं यंत्र १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या माणसाने काढलं, तेही कापड गिरणीतलं यंत्र बघून. लोकरी कापडावर वर आलेले तंतू ते यंत्र गोल फिरणाऱ्या पात्याने भादरायचं. बडिंगला वाटलं, हेच जमिनीवर का चालू नये? झिरो टर्न मात्र अमेरिकन. कॅन्सस राज्यातल्या जॉन रेगियरने १९६३ च्या सुमारास दोन दांड्यांवर चालणारं असं यंत्र बनवलं. मेहुण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ते ठीक आहे दाजी, पण ईएमआय किती बसतो?"

यंत्राची गंमत म्हणजे त्याला स्टिअरिंग नाही. मांडीवर येतील अशा दोन दांड्या. डावी दांडी डाव्या मागच्या चाकाची, उजवी उजव्याची. दोन्ही चाकांना आपापला हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, पंप आणि मोटर. दोन्ही दांड्या पुढे ढकलल्या की गाडी पुढे, ओढल्या की मागे, एक पुढे एक मागे केली की भिंगरी. पुढची दोन चाकं ऑफिसच्या खुर्चीसारखी, नेलं तिकडे जाणारी, त्यांना स्वतःचं मत नाही. हे सगळं मी कागदावर बाण काढून सासऱ्यांना समजावत होतो. मामा पानाला चुना लावत ऐकत होते. चुना लावून झाला, पान तोंडात गेलं, मग म्हणाले, "म्हणजे बैलजोडीच की. आतला बैल कासरा ओढून थोपवायचा, बाहेरचा हाकायचा. बांधावर असंच तर वळवायचो." बत्तीस वर्षांच्या अनुभवाची ड्रॉइंगं मी गुपचूप घडी घालून खिशात ठेवली.

मग डेकचा प्रश्न. डेक म्हणजे पाती बसवलेली खालची परात. ती जितकी रुंद तितका एका फेरीत पट्टा मोठा. बेचाळीस इंच, अठ्ठेचाळीस, चोपन्न, साठ. मेहुण्याचं मत अर्थातच साठ. तो टीव्ही घेतानाही भिंत न मोजता असाच बोलतो. मी टेप घेऊन गेलो. बुफेच्या मागून गवतावर जायचं जे फाटक आहे ते चार फूट आठ इंच. साठ इंच म्हणजे पाच फूट. "फाटक तोडू," मेहुणा म्हणाला. फाटकाच्या एका खांबावर लॉन्सचं मीटर आणि दुसऱ्या खांबाला सासूबाईंनी लावलेली जाई. मीटर हलवता आलं असतं.

चोपन्नला जेमतेम दोन इंच उरत होते, म्हणून अठ्ठेचाळीस. मी हिशेब मांडला. ताशी आठ किलोमीटरने अठ्ठेचाळीस इंची पट्टा मारत गेलं तर तीस गुंठे कागदावर एकोणीस मिनिटांत होतात. वळणं, नारळाची झाडं, हॅलोजनचे खांब, कारंजं आणि फोटोसाठी ठेवलेले सिमेंटचे दोन राजहंस धरून अर्धा तास. आकडा बघून मेहुणा खूश. मला मात्र घाम फुटला. आठवड्यातून अर्धा तास चालणाऱ्या गोष्टीसाठी आम्ही जवळजवळ मोटारीइतके पैसे मोजणार होतो. व्यायामाची सायकलसुद्धा पहिल्या महिन्यात याहून जास्त वापरतात.

आता उतार. यंत्राच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं, पंधरा अंशांपुढच्या उतारावर नेऊ नका. कारण पुढच्या चाकांना मत नाही आणि वेगळा ब्रेक दाबून थांबायची सोय नाही. मागची चाकं घसरली की गाडी कुठे जायची ते पृथ्वी ठरवते. आमच्या लॉन्सची मागची बाजू नाल्याकडे उतरते. उतार किती, कोणालाच माहीत नाही. लेकीच्या जुन्या कंपासमधला कोनमापक काढला, त्याच्या मधल्या भोकातून दोरा ओवला, दोऱ्याला एक आठ नंबरचा नट बांधला, आणि लाकडी पट्टी गवतावर टेकवून तिला कोनमापक उलटा धरून मी गुडघ्यांवर बसलो. दोरा नव्वदापासून किती सरकला तेवढे अंश. मांडवाच्या जागी तीन. कारंज्यापाशी सात. तिथून पुढे रांगत गेलो तर अकरा, चौदा, आणि नाल्याच्या काठाला अठरा. मागे वळून बघतो तर हॉल बघायला आलेलं एक कुटुंब माझ्याकडे पाहत उभं. मेहुण्याने प्रसंग सावरला, "आमचे दाजी. वास्तुशास्त्राचं बघतात." तेवढ्यावर त्यांनी हॉल बुक केला.

एव्हाना बातमी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोचली होती. शेजारचे बागायतदार काका संध्याकाळी चक्कर मारायला आले. "एवढे पैसे कशाला? माझा छोटा ट्रॅक्टर आहे ना बागेतला. स्लॅशर लावून देतो." दिलाही. गवत कापलं गेलं, पण बोथट वस्तऱ्याने घाईत दाढी केल्यासारखं, आणि झाडांभोवती ट्रॅक्टर वळेना म्हणून प्रत्येक नारळाला गवताची एकेक झालर राहिली. मावशींनी ती विळ्याने काढली. त्यानंतर मामांनी एका धनगराला बोलावून आणलं. त्याची मेंढरं चरणार, गवत एकसारखं होणार, लेंडीखत वर. रात्रभर शेतात मेंढरं बसवायचे शेतकरी त्याला वरून पैसे देतात, इथे तो फुकट तयार. वळायला जागा लागत नाही, उताराची भीती नाही, पेट्रोल नाही. माझ्या तक्त्यात मेंढरं प्रत्येक रकान्यात पहिली येत होती. फक्त शनिवारी लग्न होतं, आणि मेहुणा म्हणाला, "दाजी, नवरीचा शालू लेंड्यांतून जाणार का?"

पुण्याहून विक्रेता आला. नम्र, तरुण, गळ्यात ओळखपत्र. त्याने जे जे सांगितलं ते एका वहीत लिहून घेतलंय, कारण पुढे कोणी विश्वास ठेवला नसता. एक, ओल्या गवतावर चालवू नका. दोन, उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापू नका. तीन, कापण्याआधी गवत साफ करून घ्या, पात्याचं टोक ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास पळतं, त्याला काही लागलं तर गोळीसारखं उडतं. आणि चौथं त्याने जरा खाली बघून सांगितलं, "सर, एक चाक थांबवून शक्यतो जागच्या जागी वळवू नका. त्या चाकाखालचं गवत मुळासकट उपटतं."

"म्हणजे," मी म्हटलं, "झिरो टर्न घ्यायचं, आणि झिरो टर्न मारायचा नाही?"

"मारायचा, पण तीन टप्प्यांत मारायचा, सर."

तीन टप्प्यांत तर माझी सासूसुद्धा स्कूटी वळवते.

त्या रात्री मी पहिल्या तीन सूचना नाशिकच्या पंचांगाला लावून पाहिल्या. आमच्याकडे गवत वाढतं जून ते सप्टेंबर. तेव्हा ते ओलंच असतं, आणि खाली काळी माती. साडेतीनशे किलोचं यंत्र आणि त्यावर नव्वद किलोचा मेहुणा म्हणजे पोळ्यापर्यंत दोघं तिथेच रुतून बसणार. पावसाळा सरल्यावर जमीन वाळते, यंत्र चालू शकतं, तेव्हा गवत गुडघाभर. ते एक तृतीयांश, एक तृतीयांश करत कर्ज फेडल्यासारखं खाली आणायचं. नोव्हेंबरात थंडी सुरू झाली की गवताची वाढच मंदावते. थोडक्यात, गवत असतं तेव्हा यंत्र चालत नाही आणि यंत्र चालतं तेव्हा गवत नसतं. त्यात लॉन्सच्या गवतात काय काय सापडतं ते मला ठाऊक होतं. मागच्या लग्नानंतर मी मोजलं होतं: सेफ्टी पिना एकवीस, डेकोरेशनच्या तारा, खिळे, आइस्क्रीमचे चमचे, एक पैंजण, आणि अक्षता तर विचारूच नका. ही साफसफाई कोण करणार? त्याच दोन मावशी.

शिवाय एक गोष्ट मी इतके दिवस पाहत होतो पण बघितली नव्हती. लग्नाच्या दिवशी सगळ्या गवतावर हिरवी मॅट अंथरतात. खुर्च्या रुतू नयेत म्हणून. पाहुण्यांना दिसतं ते प्लॅस्टिकचं गवत, आमचं गवत त्याच्या खाली घुसमटून पिवळं पडत असतं.

हे सगळं मी मेहुण्याला सांगायचं ठरवून गेलो, पण तोवर छोट्या हत्तीतून डेमोचं मशीन उतरलं होतं. केशरी रंगाचं, डोक्यावर लोखंडी कमान. "ही कशाला?" मामांनी विचारलं. "गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून," विक्रेता म्हणाला. "हिला लायटिंग मस्त दिसेल," मेहुणा म्हणाला, आणि बसला. दांड्या आत घेतल्या, किंचित पुढे ढकलल्या, आणि एका राजहंसाची मान गेली. दांड्यांना हात फार हलका लागतो म्हणे. इतक्यात त्याचा फोन वाजला. खिशातून काढायला तो सीटवरून अर्धा उठला तर इंजिनच बंद पडलं. माणूस उठला की मशीन थांबतं, सुरक्षेसाठी. मेहुण्याचा फोन दर दोन मिनिटांनी वाजतो. त्या दुपारी एकोणीस मिनिटांच्या कामातलं एक मिनिटाचं काम चाळीस मिनिटांत झालं.

मी वही उघडून घसा साफ करत होतो. तेवढ्यात शनिवारच्या लग्नातले मुलाचे मामा मिसळ खाऊन दात कोरत तिथे आले. मशीनभोवती एक फेरी मारली. कमानीवर हात फिरवला. म्हणाले, "घोडा आता कोणालाच नको असतो. बुलेट झाली, जेसीबी झाला. ह्याच्यावर नवरदेवाची एन्ट्री बसेल का? काय घेता?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटली.

मशीन गेल्या दसऱ्याला आलं. कमानीला मोगरा आणि लायटिंग. स्टेजसमोर येऊन नवरदेव मांडीवरच्या दांड्यांनी दोनदा भिंगरी घेतो, बायका शिट्ट्या मारतात. पहिल्या नवरदेवाने सगळ्यांना हात जोडायला उठून उभं राहायचा प्रयत्न केला आणि मशीन मधेच बंद पडलं, तेव्हापासून मेहुणा आधी बजावतो, "नमस्कार बसूनच." हिरव्या मॅटवर चाक फिरलं की गवत उपटत नाही, हा फायदा विक्रेत्याने सांगितला नव्हता. लॉन्सच्या दरपत्रकात आता डीजे आणि कोल्ड फायर यांच्या मधे एक ओळ आहे: झिरो टर्न एन्ट्री, ११,००० रुपये. मुलीकडच्यांनी घाबरू नये म्हणून खाली बारीक अक्षरात, ‘पाती काढून ठेवलेली आहेत.’

गवत मावशी कापतात. परवा त्यातल्या एकीने मला विचारलं, "दाजी, त्या पात्यांना दांडे लावून विळे करून देता का? पोलाद चांगलं आहे."