डाग साफ करून मिळतील

छायाचित्रणात सर्जनशील होण्याची ज्यांना घाई झाली आहे, अशा होतकरू मंडळींसाठी काही अनुभवसिद्ध सूचना येथे देत आहे. अनुभव माझा आहे आणि त्याचे बिलही मीच भरले आहे.

कॅमेऱ्यातून आलेले आकाश कधीही जसेच्या तसे ठेवू नये. फोटोशॉपने २०२० मध्ये आकाश बदलण्याची सोय थेट मेनूतच आणून ठेवली असल्यामुळे, भंडारदऱ्याच्या काठावर ढगांची वाट पाहत कुडकुडण्याचे आता काही कारण उरलेले नाही. रतनगडाच्या बाजूला सूर्य मावळत असताना त्याच्याच शेजारी पौर्णिमेचा चंद्र चिकटवावा. तो बिचारा त्या वेळी आपल्या पाठीमागे, पूर्वेला उगवत असतो, ही गोष्ट स्पर्धेच्या परीक्षकांच्या ध्यानात येत नाही. फांद्यांच्या बेचक्यांतून जुन्या आकाशाची पांढरी ठिगळे डोकावलीच, तर त्यांना ‘ड्रीमी इफेक्ट’ म्हणावे.

कासचा तेरडा गुलाबी असतो. रंग भडक करणारी सॅच्युरेशनची पट्टी उजव्या टोकापर्यंत ओढून त्याला शाईत बुडवावे.

नवरीची साडी लाल आणि उरलेले सगळे जग कृष्णधवल, हे पान प्रत्येक अल्बममध्ये हवेच.

कोणी हरकत घेतली, तर अँसेल अ‍ॅडम्स या थोर अमेरिकन छायाचित्रकाराचे नाव पुढे करावे. तोही डार्करूममध्ये फेरफार करीत असे, हे खरेच आहे. मात्र निगेटिव्हमध्ये असलेला उजेड आणि अंधार कागदावर नीट उतरावा, यासाठीच मुख्यतः त्याची ती खटपट असे, एवढा तपशील तेवढा गाळावा.

आता त्वचेविषयी. वय कितीही असो, चेहरा साबणाच्या नव्या वडीसारखा दिसला पाहिजे. आमच्या आजीला गेल्या महिन्यात नव्वद वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने तिचा एक चांगला फोटो काढून घ्यावा (कशासाठी, हे घरात सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही), म्हणून एका नावाजलेल्या छायाचित्रकाराला बोलावले. त्याने आजीला तासभर खिडकीपाशी बसवले आणि आठवड्याने फ्रेम आणून दिली. फोटोशॉपमधल्या हीलिंग ब्रशने सुरकुत्या गेल्या होत्या, गालावरचा तीळ गेला होता आणि कपाळावरचे व हनुवटीवरचे गोंदणही गेले होते. सातव्या वर्षी पालच्या खंडोबाच्या यात्रेत, आईने दोन्ही हात घट्ट धरून ठेवले असताना, सुया टोचून काढलेले ते हिरवे ठिपके होते. आजीने फ्रेम मांडीवर घेतली, पदराच्या टोकाने हनुवटीच्या जागी काच पुसली, पुन्हा एकदा पुसली आणि मला विचारले, “काच धुरकट हाय का रं?”

छायाचित्रकाराला फोन केला, तेव्हा तो उत्साहाने म्हणाला, “डाग सगळे क्लीन करून दिलेत सर, त्याचे एक्स्ट्रा लावले नाहीत.”

डाग! अंगावरचे दागिने इथेच राहतात आणि मेल्यावर सोबत येते ते फक्त गोंदण, असे मानणारी बाई आहे ती. तिची ती एवढी शिदोरी या गृहस्थाने ती जिवंत असतानाच काढून घेतली, आणि तीही मोफत.

पुरे झाल्या सूचना. अहो, ज्या चेहऱ्याकडे तुम्ही तासभर भिंगातून पाहिलेत, तो तुम्हाला दिसला कसा नाही? हे काय आहे, असे एकदा विचारायला तोंड झिजले असते का? आणि मूळ फाइल मागितली, तर कार्ड फॉरमॅट करून पुढच्या लग्नाला नेलेले! सॉफ्टवेअरला दोष देऊ नका, ब्रश तुमच्या हातात होता. मूळ फाइल सांभाळता येत नसेल, तर दुसऱ्याच्या म्हातारीला कॅमेऱ्यासमोर बसवू नका. आणि ‘पुन्हा काढून देतो’ हे तर मला ऐकवूच नका; खिडकीपाशी आणखी तासभर ताठ बसण्याइतकी तिची कंबर आता राहिलेली नाही.